आधी लिस्बन, मग अंग्रा: जुनं शहर आणि दूरची बेटं एका सहलीत कशी बसवायची

वास्को द गामाचं थडगं लिस्बनमध्ये आहे. त्याचा भाऊ पाउलो मात्र तिथून दीड हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमधल्या तेर्सेइरा बेटावर पुरला गेला. १४९९ साली हिंदुस्थानातून परतताना पाउलोचा आजार बळावला. वास्कोनं मुख्य ताफा सोडून त्याला या बेटापर्यंत आणलं, आणि बेटावर उतरल्यावर लगेचच तो गेला. मी वसईची. किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्च बघत वाढले, त्यामुळे पोर्तुगीज म्हटलं की आपल्याकडे आले तेवढेच डोळ्यांपुढे येतात. ते घरी कुठल्या वाटेनं परतत होते, हे तेर्सेइराला गेल्यावर कळलं.

म्हणून हा लेख अझोर्सची बेटं (तेर्सेइरा त्यांतलंच एक) लिस्बनला जोडून बघा असं सांगणारा आहे. जोडून म्हणजे शेवटचे दोन दिवस उरले म्हणून टाकलेली पुरवणी नव्हे. मी, नवरा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे तिघं गेलो होतो. गुडघे, चहा आणि शाकाहार या तिन्ही गोष्टींचा विचार त्यामुळे आपोआपच झाला.

पायरी १: काय बघायचं नाही ते आधी ठरवा

अझोर्समध्ये नऊ बेटं आहेत. पूर्वेला साओ मिगेल आणि सांता मारिया. मधे तेर्सेइरा, ग्रासिओझा, साओ जॉर्ज, पिको आणि फायाल. पश्चिमेला फ्लोरेस आणि चिमुकलं कोर्वू. कोर्वूचं क्षेत्रफळ जेमतेम १७ चौरस किलोमीटर. नकाशावर सगळी जवळजवळ दिसतात आणि तिथंच माणूस फसतो. पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत सहाशे किलोमीटरचा पसारा आहे, आणि मधला समुद्र काही तळकोकणातल्या खाडीसारखा तरीनं ओलांडायचा नव्हे.

पहिल्यांदा जात असाल तर दोन बेटं, बस्स. माझा हिशेब बारा रात्रींचा: लिस्बनमध्ये चार, तेर्सेइरावर तीन, साओ मिगेलवर चार आणि परत लिस्बनमध्ये एक. ही शेवटची एक रात्र कुणी कितीही सांगितलं तरी कापू नका. कारण पुढे येईलच.

पाय मजबूत असतील आणि डोंगर आवडत असतील तर साओ मिगेलऐवजी पिको आणि फायाल ही जोडी घ्या. पिकोचा ज्वालामुखी २,३५१ मीटर उंच आहे, म्हणजे पोर्तुगालमधलं सर्वांत उंच शिखर. चढायला आधी नोंदणी करावी लागते आणि सोबत जीपीएसचं यंत्र देतात. पिकोच्या मादालेना बंदरातून फायालच्या ओर्ता बंदराला बोटीनं अर्ध्या तासात जाता येतं. फायालच्या पश्चिम टोकाला कापेलिन्युश आहे. १९५७-५८ मध्ये समुद्रातून उसळलेल्या ज्वालामुखीनं तिथं बेटाला नवीन जमीन जोडली आणि दीपगृहाचा खालचा मजला राखेत पुरला. आम्ही तिकडे गेलो नाही. सासूबाईंनी चौकशी केली होती, "तिथं शिखरावर चहा मिळतो का?" उत्तर ऐकून तो बेत तिथंच मिटला.

पायरी २: महिना

अझोर्सचं हवामान गमतीचं आहे. थंडी फार नाही, उन्हाळाही फार नाही. हिवाळ्यात साधारण १३-१४ अंश, ऑगस्टमध्ये २४-२५. पण एका दिवसात चारही ऋतू येतात ही तिथली म्हण अजिबात अतिशयोक्त नाही. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. हायड्रेंजियाच्या निळ्या झुडपांची कुंपणं जून-जुलैपासून फुलतात. निळा देवमासा बघायचा असेल तर मात्र वसंतात, एप्रिल-मेच्या सुमाराला जा. स्पर्म जातीचे देवमासे वर्षभर दिसतात.

जूनच्या मध्यात लिस्बनमध्ये सांतो आंतोनियोचा उत्सव असतो. १२ तारखेच्या रात्री आल्फामाच्या गल्ल्यांमध्ये सार्डिन भाजल्याचा धूर असा भरतो की कपडे दोन धुण्यांत वास सोडत नाहीत. मासे खाणाऱ्यांना स्वर्ग. न खाणाऱ्यांनी ती रात्र दुसऱ्या भागात काढावी.

पायरी ३: तिकिटांचा क्रम

सगळी सहल इथं जमते किंवा बिघडते.

मुंबईहून लिस्बनला आखाती देश, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून जावं लागतं. युरोपात बदल करणार असाल तर पासपोर्ट तपासणी त्या पहिल्याच विमानतळावर होते, लिस्बनला नाही. तिथं किमान अडीच-तीन तास हाताशी ठेवा. २०२५च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांग कधी लांबेल सांगता येत नाही. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी हुरळू नका. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिथले नियम वेगळे.

बेटांसाठी त्रिकोण करा: लिस्बन ते तेर्सेइरा, तेर्सेइरा ते पोंता देल्गादा (साओ मिगेलवरचं शहर), पोंता देल्गादा ते लिस्बन. जाऊन-येऊन एकाच बेटाचं तिकीट काढलं तर एक फेरी वाया जाते. लिस्बनहून बेटांवर जायला साधारण अडीच तास लागतात आणि घड्याळ एक तास मागे करावं लागतं. बेटांमधली विमानं पंख्यांची, छोटी. सामानाचं वजन त्यांच्या नियमाप्रमाणे पुन्हा एकदा तपासा. मुंबईहून निघताना चाललेली बॅग तिथं जड ठरू शकते.

आणि आता ती शेवटची रात्र. बेटावरून लिस्बनला येणारं विमान आणि लिस्बनहून भारताकडे निघणारं विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका. धुकं, वारा, ढग, काहीही चालतं विमान रद्द व्हायला. आमचं तेर्सेइराहून निघणारं विमान धुक्यामुळे त्या संध्याकाळी उडालंच नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी उडालं. युरोपीय संघाच्या नियमानुसार हवामानामुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण जेवणाची आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय कंपनीनं करायची असते. हे काउंटरवर आपणहून आणि लगेच विचारायचं. रांगेत मागे शांतपणे उभं राहणाऱ्याला सगळ्यात शेवटी खोली मिळते.

पायरी ४: व्हिसा

अझोर्स १९७६पासून स्वायत्त प्रदेश आहे, पण आहे पोर्तुगालचाच आणि शेंगेनमध्येच. वेगळा व्हिसा लागत नाही. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे इथं पोर्तुगाल. शुल्क मोठ्यांना ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण उन्हाळ्याच्या भेटीच्या तारखा भराभर संपतात, तेव्हा तीन महिने आधी लागा.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या दिवसांसाठी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध, आणि दोन कोरी पानं. बँकेची विवरणपत्रं, आयकर विवरणं, नोकरी असेल तर रजेचं पत्र. यापलीकडे माझा एक सल्ला: सोबतच्या पत्रात बेटांवरचे दिवस तारीखवार लिहा आणि आतल्या विमानांची आरक्षणं जोडा. मुक्काम तीन ठिकाणी आणि तिकीट एकाच शहराचं, असं दिसलं की प्रश्न निघतात.

पायरी ५: लिस्बन, चढ टाळत

लिस्बन टेकड्यांचं शहर आहे, आणि पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या दगडांचे, मधेमधे काळ्या बेसाल्टची नक्षी. दिसायला सुरेख, ओले झाले की साबण लावल्यासारखे. बुटांचा तळ रबरी आणि नवा हवा. या एका गोष्टीवर खर्च करा, बाकी कपडे काहीही चालतात.

नियम सोपा: वर चढायचं वाहनानं, उतरायचं पायी. किल्ल्याकडे जायला बायशामधल्या रुआ दोश फांकेइरोश रस्त्यावर एक सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या मादालेना रस्त्याला सोडते, तिथून थोडं चालून शांव दो लोरेइरोची दुसरी लिफ्ट, तीही फुकट. दोन्ही मिळून अर्ध्याहून अधिक चढ संपतो. नाहीतर फिगेइरा चौकातून ७३७ क्रमांकाची छोटी बस थेट किल्ल्यापाशी नेते. वरून मग पोर्ताश दो सोल आणि सांता लुझिया या सज्जांवरून नदी बघत बघत आल्फामामधून खाली. सासूबाई पहिल्या लिफ्टला "देवाची लिफ्ट" म्हणायला लागल्या.

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. मार्तीं मोनीश या पहिल्या थांब्यावर सकाळी आठच्या आत उभे राहिलात तर बसायला जागा मिळते. दहानंतर तिथं खिसेकापू आणि पर्यटक यांची मुंबई लोकलसारखी दाटी असते. पिशवी पोटाशी धरा. मेट्रो, बस, ट्रामसाठी नावेगांते नावाचं कागदी कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरून ठेवा. कार्ड माणशी एक; दोघांत एक चालत नाही. विमानतळ शहरातच आहे, लाल मेट्रोनं सरळ येता येतं.

आता शहर वाचायचं कसं, ते. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस, सकाळी लोक चर्चमध्ये. भूकंप झाला, मागोमाग नदीतून समुद्राची लाट आली, आणि पेटलेल्या मेणबत्त्या-चुलींमुळे दिवसेंदिवस आग धुमसली. ही एक तारीख डोक्यात ठेवली की गल्ल्या आपोआप उलगडतात. आल्फामा बऱ्यापैकी टिकलं, म्हणून तिथल्या वाटा अजून वाकड्यातिकड्या. बायशा भुईसपाट झालं, म्हणून तिथले रस्ते फूटपट्टीनं आखल्यासारखे काटकोनात. ते राजाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, यानं नव्यानं वसवलं. भिंतींच्या आत लाकडाचा आडवा-उभा-तिरका पिंजरा घालून घरं बांधली, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर दगड निखळला तरी सांगाडा उभा राहील. या पिंजऱ्याची परीक्षा घ्यायला सैनिकांना भोवती पाय आपटत कवायत करायला लावली होती असं सांगतात.

कार्मो मठात जा. तिथं कमानी उभ्या आहेत, छप्पर नाही. भूकंपानंतर ते पुरतं सावरलंच नाही, आता आत पुरातत्त्व संग्रहालय आहे. वसईच्या माणसाला ते बघून काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडची छपरं १७३९ची लढाई आणि नंतरच्या हेळसांडीनं गेली, त्यांची जमीन हलल्यानं. निळं आभाळ मात्र कमानीतून सारखंच दिसतं.

बेलें या नदीकाठच्या भागासाठी पूर्ण एक सकाळ ठेवा, आणि सोमवार टाळा, त्या दिवशी जेरोनिमुश मठ बंद असतो. १५ क्रमांकाची ट्राम किंवा काइश दो सोद्रे स्थानकातून लोकल. मठाचं काम १५०१च्या सुमारास राजा मानुएलच्या काळात सुरू झालं, आणि पैसा मुख्यतः पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या करातून आला. दगडात दोरखंड, गाठी, समुद्रातली झाडं कोरली आहेत. दाराजवळच एका बाजूला वास्को द गामा, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश. वास्को १५२४ साली कोचीत वारला. त्याचे अवशेष इथं आणून ठेवले ते १८८० साली. मिरीच्या पैशांनी बांधलेल्या चर्चमध्ये उभं राहून मला काही भारावल्यासारखं वाटलं नाही, हिशेब मात्र सारखा मनात चालू होता. बेलेंचा मनोरा बाहेरून पुरेसा आहे. दुरुस्तीसाठी तो बंदही असतो, तेव्हा आतल्या तिकिटासाठी जीव टाकू नका.

सिंत्रा? रोसिओ स्थानकातून रेल्वेनं चाळीस मिनिटं, राजवाडा रंगीत, गर्दी अफाट. चार रात्रींत बसवायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहिल्या गाडीनं, वेळेचं तिकीट आधी काढून. मी तो दिवस सोडून टाइल संग्रहालयाला दिला आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही. १५०९च्या मठात ते आहे, आणि तिथल्या सुमारे २३ मीटर लांब निळ्या टाइलपटावर भूकंपाआधीचं लिस्बन घर न् घर दिसतं. निघण्याआधी उघडं आहे ना तेवढं बघून घ्या.

रात्री फादो ऐकायला गेलात तर गाणं चालू असताना बोलायचं नाही, काटाचमचाही वाजवायचा नाही. दिवे मंद झाले की समजायचं. जेवणाघरात बसल्याबरोबर कुणी न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतो, ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत. आम्ही पहिल्या दिवशी सगळं संपवून वर आणखी मागितलं होतं!

पायरी ६: तेर्सेइरा, म्हणजे परतीचा थांबा

आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आलेली जहाजं किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला का जात नसत? कारण तिथं वारा समोरून, ईशान्येकडून वाहतो. म्हणून ती पश्चिमेकडे मोठा वळसा घेऊन खुल्या समुद्रात शिरत, अझोर्सच्या अक्षांशापर्यंत येत, आणि तिथून पश्चिमेचा वारा पाठीशी घेऊन लिस्बनला पोहोचत. गोव्याहून निघालेल्या जहाजाला महिनोन्‌महिन्यांनंतरचं पाणी, भाज्या, डॉक्टर आणि तोफांचं संरक्षण मिळे ते तेर्सेइरावरच्या अंग्राच्या उपसागरात. १५३४ साली अंग्रा अझोर्समधलं पहिलं शहर झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. हा निव्वळ योगायोग, पण मला लक्षात ठेवायला बरा पडतो.

अंग्रासाठी दीड दिवस पायी द्या. सकाळी मोंते ब्राझील या टेकडीवर चढा. हा मुळात समुद्रात घुसलेला जुना ज्वालामुखी आहे, आणि हीच टेकडी उपसागराला पश्चिमेकडून आडोसा देते. वरून पाहिलं की बंदर इथंच का झालं ते एका नजरेत कळतं. त्याची दुसरी बाजूही कळते: आग्नेयेकडून वादळ आलं तर आडोसा काहीच नाही. कितीतरी जहाजं इथं बुडाली. उपसागराच्या तळाशी आज पुरातत्त्व उद्यान आहे, पाणबुडे लोक तिथं जुन्या नांगरांचं "स्मशान" बघायला उतरतात.

मग खाली येऊन साओ फ्रान्सिस्को मठ. आता ते अंग्राचं संग्रहालय आहे. पाउलो द गामाला याच जागी पुरलं. आजची इमारत नंतरची आहे, त्यामुळे जुनं थडगं शोधत बसू नका, पण तिथल्या शांततेत दहा मिनिटं बसा. यान हाउखेन फान लिन्स्खोतेन हा डच माणूसही असाच या बेटावर अडकला होता. १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा कारकून, आणि परतताना तेर्सेइरावर सुमारे दोन वर्षं. त्यानं गोव्याचा बाजार चितारला तसा अंग्राचाही नकाशा काढला. १५९६ साली त्यानं सगळी माहिती छापली आणि पोर्तुगीजांची गुपितं डच-इंग्रजांच्या हाती गेली.

१ जानेवारी १९८०च्या भूकंपात हे शहर फार पडलं. पण त्याच जुन्या आराखड्यावर पुन्हा बांधलं, आणि १९८३मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. पांढऱ्या भिंती, पिवळ्या-निळ्या-लाल चौकटी. गावोगावी पवित्र आत्म्याची छोटी रंगीबेरंगी मंदिरं दिसतील, "इंपेरियो" म्हणतात त्यांना. मे ते ऑक्टोबर दोरीला बांधलेला बैल रस्त्यात सोडण्याचे खेळ होतात. पाटीवर सूचना असेल तर गाडी त्या गल्लीत लावू नका, एवढंच.

उरलेल्या दिवसात आल्गार दो कार्वाव्ह या ज्वालामुखीच्या पोकळ नळीत उतरा. वेळा ठरावीक असतात, आधी बघून जा. नंतर उत्तरेला बिश्कोइतोशच्या काळ्या लाव्हातल्या नैसर्गिक तळ्यांत डुंबा. पायात रबरी चपला हव्याच.

पायरी ७: साओ मिगेल, जिथं ढग वेळापत्रक ठरवतात

इथं एकच युक्ती सांगते, ती कळली की अर्धी सहल वाचते. सकाळी उठल्यावर स्पॉट-अझोर्स या संकेतस्थळावरचे थेट कॅमेरे बघायचे आणि मग ठरवायचं कुठं जायचं. सेते सिदादेसची जुळी तळी, एक हिरवं एक निळं, ढगात असतील तर वरच्या विश्ता दो रेइ या सज्जावर उभं राहून तुम्हाला फक्त दूध दिसेल. आम्ही पहिल्या दिवशी कॅमेरा न बघता गेलो आणि दूध बघून आलो. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात ऊन दिसलं तसा नाश्ता अर्धा टाकून निघालो. ठरलेला क्रम मोडायची तयारी असलेल्यालाच हे बेट दिसतं.

ढगाळ दिवसासाठी फुर्नास. तळ्याकाठी जमिनीतून वाफा येतात, त्या खड्ड्यांत पातेली पुरून सहा तास "कोझिदो" शिजवतात, आणि दुपारी बाराच्या सुमाराला पातेली बाहेर काढतात. ते बघायला थांबा. कोझिदो म्हणजे मांस, कोबी, गाजर, रताळी आणि "इन्यामे". सासूबाईंनी ताटातला तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, या तर आपल्या अळकुड्या!" खरंच, आपल्या अळवाचाच कंद. मांसाशिवायचं पातेलं हवं असेल तर काही ठिकाणी एक-दोन दिवस आधी सांगून मिळतं; ऐनवेळी मागू नका. नंतर तेर्रा नोश्त्रा बागेतल्या गरम पाण्याच्या तळ्यात शिरा. पाण्यात लोह आहे, रंग गावच्या पावसाळी नदीसारखा तांबूस. पोहण्याचा जुनाच कपडा न्या, तो पुन्हा मूळ रंगावर येत नाही.

एकोणिसाव्या शतकात या बेटाची संत्र्यांची निर्यात रोगानं बुडाली, आणि लोकांनी हाताशी येईल ते लावून पाहिलं. त्यातून दोन गोष्टी टिकल्या. एक अननस, तोही काचघरात. दोनेक वर्षं लागतात एका फळाला, आणि सगळ्या झाडांना एकदम फुलोरा यावा म्हणून काचघरात धूर करतात. पोर्तुगीजही त्याला "अननाश"च म्हणतात, आपण शब्द त्यांच्याकडूनच घेतलेला. दुसरी गोष्ट चहा. उत्तर किनाऱ्यावरचा गोर्रेआना मळा १८८३पासून चालू आहे, आणि जुनी यंत्रं अजून फिरतात. रस्त्याच्या कडेला हायड्रेंजियाशेजारी पिवळ्या फुलांचं एक झाड सगळीकडे माजलेलं दिसेल. ते आपल्या सोनटक्क्याचं भावंड, हिमालयातून बागेसाठी आणलेलं आणि आता तिथल्या मूळ जंगलाला डोईजड झालेलं.

देवमासे बघायला जाणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचं आरक्षण करा, शेवटच्या नव्हे. समुद्र खवळला तर बोट दुसऱ्या दिवसावर ढकलता येते. डोंगरावरच्या ज्या टेहळणीच्या खोल्यांतून पूर्वी शिकारीसाठी देवमासे हेरत, तिथूनच आज बोटींना दिशा सांगतात. निघण्याच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही.

पायरी ८: गाडी

बेटांवर बस आहे, पण शनिवार-रविवारी फारच कमी. गाडी भाड्यानं घ्याच. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघायच्या महिनाभर आधी काढा, एक वर्ष चालतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं, आणि बहुतेक गाड्या गिअरच्या. आपोआप गिअरची हवी तर लवकर आरक्षण. अनामत रक्कम चालकाच्याच नावच्या क्रेडिट कार्डावर रोखून ठेवतात, डेबिट कार्ड बऱ्याचदा चालत नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचं चित्रीकरण करा. वळणावर गाईंचा कळप आला तर हॉर्न वाजवू नका, थांबा. गाई तिथल्या मालक आहेत. पोर्तुगालच्या दुधातला मोठा वाटा या बेटांवरून येतो.

पायरी ९: जेवण आणि पैसे

"सो व्हेजेतारियाना" (पुरुषांनी "व्हेजेतारियानो") आणि "सें कार्ने, सें पेइशे", म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करा. काल्दो व्हेर्दे हे पालेभाजीचं सूप दिसतं निरागस, पण त्यात सॉसेजची चकती असते. लिस्बनमधल्या बेकऱ्यांत "शामुसा" मिळतो, तो आपला समोसाच, पण आत बहुधा खिमा. "दे लेगुमेश" विचारून घ्या. पाश्तेल दे नाता अंड्याच्या पिवळ्या बलकाची, त्यामुळे सासूबाईंना ती मिळाली नाही आणि दोन माझ्या वाट्याला आल्या. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्ण मंदिराच्या आवारात शाकाहारी थाळी मिळते, जाण्याआधी वेळ विचारा. बेटांवर साओ जॉर्जचं चीज, फुर्नासचा गोडसर बोलो लेव्हेदो पाव आणि फळं यांवर दिवस छान निघतो. तेर्सेइरावर दालचिनी घातलेले दोना आमेलिया केक घ्या. नाव १९०१ साली आलेल्या राणीचं, मसाला जहाजांच्या वाटेचा.

पैसे काढायचे ते "मुल्तीबांको" लिहिलेल्या बँकेच्या यंत्रातून. कार्ड घासताना रुपयांत की युरोत असं विचारलं तर युरोच निवडा. लिस्बनमध्ये हॉटेलात माणशी रात्री ४ युरो शहरकर वेगळा. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तिथं चालतात, जाड तीन पिनांचे नाहीत.

परतीच्या रात्री लिस्बनमध्ये सासूबाईंनी पहिल्यांदाच स्वतः जाऊन ऑर्डर दिली. काउंटरवर नुसतं "चहा" म्हणाल्या, आणि समोरच्या मुलानं "शा? सीं, सिन्योरा" म्हणत कप भरायला घेतला. त्या विजयी मुद्रेनं आमच्याकडे वळल्या. कपात गरम पाणी आणि एक पुडी. दूध हवं असेल तर "कों लेइते" म्हणायचं, आणि ते गार येतं.